शिंगं सोडा, पाठ बघा

जुलैत पावसानं मुक्काम ठोकला की घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत ओरड होते, ‘टाकीत साबण कुणी टाकला?’ टाकीच्या आतल्या भिंतीला मूठभर पांढरा फेस चिकटलेला असतो. साबणाचा काही संबंध नाही, ते झाडावर राहणाऱ्या बेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. वरचा थर वाळून घट्ट होतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी बेडूकमासे खालच्या पाण्यात टपटप पडतात.

एवढा खटाटोप कशाला? बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. कोरड्यात ठेवलं तर सुकतं, पाण्यात सोडलं तर मासे आणि चतुराच्या अळ्या फडशा पाडतात. या पेचातून सुटायच्या वाटा बेडकांनी आपापल्या शोधल्या. त्यातली सगळ्यात धाडसी वाट, माझ्या मते, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका शिंगवाल्या बेडकाची.

गॅस्ट्रोथेका कॉर्नुटा हे त्याचं शास्त्रीय नाव. बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञानं १८९८ साली त्याची पहिली नोंद केली. कोस्टा रिकापासून इक्वेडोरपर्यंतच्या ओल्या जंगलांत, उंच झाडांच्या शेंड्यांकडे तो राहतो. शिंगं म्हणजे पापणीवरचे कातडीचे त्रिकोणी तुकडे. हाड नाही, टोचत नाहीत. फोटोत तीच उठून दिसतात म्हणून नावही त्यांच्यावरूनच पडलं. खरी गंमत मादीच्या पाठीत आहे.

तिच्या पाठीच्या कातडीखाली पिशवी असते, तोंड मागच्या टोकाला. मिलनाच्या वेळी बाहेर येणारं एकेक अंडं नर या पिशवीत सारतो. अंडं जवळजवळ एक सेंटिमीटर व्यासाचं, सगळ्या बेडकांत मोठ्यात मोठ्या अंड्यांपैकी. एवढं मोठं अशासाठी, की आतल्या पिल्लाला बाहेरून अन्न मिळायचं नाही, सगळी शिदोरी बलकातच. साहजिकच अशी अंडी मोजकीच घालता येतात. गर्भाचे कल्ले पातळ पडद्यासारखे पसरून त्याला वेढतात. पिशवीच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिथून प्राणवायू घेतला जातो. बेडूकमासा पाण्यात पोहलाच नाही. आईच्या पाठीतून बाहेर येतो तो थेट चार पायांचा चिमुकला बेडूक.

याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीवर इक्वेडोरच्या युजेनिया देल पिनो यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांना दिसलं, की गर्भ बलकावर चपट्या चकतीसारखा वाढतो, कोंबडीच्या अंड्यात वाढतो तसा. बेडकाकडून ही अपेक्षा कुणी केली नव्हती!

इक्वेडोरमध्ये हा शिंगवाला बेडूक दहा वर्षांहून अधिक काळ कुणाला दिसला नव्हता. २०१८ साली पश्चिमेकडच्या चोको जंगलात रात्री एक अनोळखी आवाज आला, बाटलीचं बूच उडाल्यासारखा. मग तो सापडला, अंडी बाळगणाऱ्या मादीसकट. जंगलतोड हे त्याच्या मागचं एक संकट. शेंड्यावर राहणाऱ्याला झाड गेलं की उरतं काय? दुसरं कायट्रिड बुरशीचं. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. ही बुरशी तिथंच घर करते, रक्तातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय थांबतं. पनामातल्या एल कोपे भागात ही साथ २००४ साली पोचली आणि बेडकांच्या कितीतरी जाती तिथून दिसेनाशा झाल्या.

पाणवठा टाळणारे बेडूक बघायला मात्र इतकं लांब जायला नको. सह्याद्रीतले अंगठ्याच्या पेराएवढे झुडपी बेडूक अंडी ओल्या पानांवर किंवा जमिनीवर घालतात, आणि त्यातूनही थेट पिल्लू बेडूकच बाहेर पडतो. पाठीत पिशवी नाही, म्हणून त्यांना हवेतला दमटपणाच पुरवून घ्यावा लागतो. पावसाळ्यात आंबोलीला गेलात तर रात्री टॉर्च बंद करून थोडं थांबा. कमरेएवढ्या झुडपातून टिक-टिक येईल, तो नर असतो.