परदेशात रुपयांत काढले की चार्ज वाचतो?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत कुणी बँकॉकला निघालं की व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास फिरतो: 'तिकडच्या एटीएमवर रुपयांचा पर्याय निवडा, म्हणजे बँकेचा चार्ज लागत नाही.' नेमकं उलट आहे.

मशीन विचारतं, हिशेब बातमध्ये (थायलंडचं चलन) करू की रुपयांत? रुपये दिसले की हायसं वाटतं. पण तो दर आपली बँक ठरवत नाही. तिकडची मशीनवाली बँक ठरवते आणि त्यात स्वतःचा नफा आधीच मिसळते. बात निवडले तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो. वर आपल्या बँकेचं मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावरचा जादा आकार, बहुधा 2 ते 3.5 टक्के, रोख काढण्याचं ठरावीक शुल्क, आणि या शुल्कांवर 18 टक्के जीएसटी. रुपये निवडले तरी यातलं बरंचसं कित्येक बँका लावतातच. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

स्क्रीनवर 'विथ कन्व्हर्जन' आणि 'विदाउट कन्व्हर्जन' अशी बटणं येतात. दुसरं, म्हणजे बातवालं, दाबायचं. पैसे तरीही मिळतात. (मागे रांग होती म्हणून घाबरून पहिलं दाबणाऱ्यांत मीही होतो.)

थायलंडमध्ये मशीनचं शुल्क वेगळंच: दर वेळी 220 बात किंवा जास्त, मग 1,000 काढा नाहीतर 10,000. तेव्हा थोडे थोडे काढू नका. क्रेडिट कार्डाने तर रोख काढूच नका, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू. आणि निघण्यापूर्वी ॲपमध्ये परदेशी वापर चालू केलाय ना ते बघा. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डांवर तो बंदच असतो.