रेंजफाइंडर: दोन प्रतिमा एक होईपर्यंत

जुना रेंजफाइंडर कॅमेरा डोळ्याला लावला की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो. त्यात समोरच्या माणसाचे दोन चेहरे असतात, एकमेकांवरून जरा सरकलेले. लेन्सची कडी फिरवत गेलं की दुसरा चेहरा पहिल्यात विरघळतो. तो पुरता मिसळला की फोकस लागला. आजही रोल घालून फोटो काढणारे याच क्षणासाठी हे कॅमेरे शोधत फिरतात.

यामागची युक्ती अंतर मोजण्याची आहे. कॅमेऱ्याला दोन खिडक्या असतात. एकीतून थेट दिसतं, दुसरीतून आरशावरून. दोन नजरांमधल्या कोनावरून अंतर ठरतं. तोफखान्याचे अंतरमापक असेच चालत.

कॅमेऱ्यात ही युक्ती मुरायला वेळ लागला. जर्मनीतल्या वेट्झलारला लाइट्झ कंपनी सूक्ष्मदर्शक बनवायची. तिथल्या ऑस्कर बार्नाक यांना दमा होता, प्लेट कॅमेऱ्याचं ओझं झेपत नसे. १९१३-१४च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट धरली, २४ बाय ३६ मिलिमीटर. आजच्या फुल फ्रेम डिजिटल कॅमेऱ्यांतही हेच माप आहे! मध्ये पहिलं महायुद्ध आलं. १९२५मध्ये लाइपझिगच्या मेळ्यात ‘लायका’ लोकांपुढे आला, पण अंतर अजून अंदाजानं किंवा वेगळ्या मापकानं बघून लेन्सवर हातानं लावावं लागे.

१९३२मध्ये लायका २ आणि झाइस कंपनीचा कॉन्टॅक्स यांनी मापक आणि लेन्स एकमेकांना जोडले. रस्त्यावरच्या छायाचित्रणाला खरा वेग आला तो यामुळे, असं मला ठामपणे वाटतं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्याच काळात लायका हातात घेतला आणि जानेवारी १९४८मध्ये दिल्लीत गांधीजींचे शेवटचे दिवस व अंत्ययात्रा टिपली. १९५४च्या लायका एम३नं मोठ्या, लख्ख खिडकीत चौकटीच्या उजळ रेषा आणल्या. चौकटीबाहेरचंही दिसत असल्यानं कडेनं चालत येणारा माणूस आधीच नजरेत येतो.

युक्रेनमधल्या खारकिव्हची कथा मला फार जवळची वाटते. सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक झेरझिन्स्की यांच्या नावाच्या श्रमवसाहतीत अनाथ मुलांच्या हातून १९३४पासून लायकाची नक्कल तयार होऊ लागली, नाव ‘फेड’. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि ‘कीव’ कॅमेरे निघाले.

१९५९च्या निकॉन एफनंतर व्यावसायिक छायाचित्रकार एसएलआर कॅमेऱ्यांकडे वळले. त्यात लेन्सलाच जे दिसतं ते डोळ्याला दिसतं, त्यामुळे अगदी जवळचे आणि लांब पल्ल्याचे फोटो सोपे झाले. रेंजफाइंडर जपानी कंपन्यांनी घराघरांत नेला: १९६१चा कॅननेट, १९६६चा याशिका इलेक्ट्रो ३५. आज हौशी माणसाच्या हाती बहुधा यांतलाच एखादा लागतो.

याशिकाचा मूळचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, अडॅप्टर लागतो. फेडला सेलच लागत नाही. घेताना आधी खिडकी बघावी. आतल्या आरशाचा मुलामा उडाला असेल तर चौकोन फिका पडतो. मग दूरच्या विजेच्या खांबावर रोखून कडी अनंताच्या (∞) खुणेवर न्यावी. खांब एकच दिसला पाहिजे. दोन दिसले, तर मापक आधी दुरुस्तीला द्यावा लागेल.