झोपेचे विकार: गुंगीच्या औषधांपासून निदानापर्यंत

झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकातही रूढ होती. साहजिकच झोप न येणे हीच मुख्य तक्रार मानली जाई आणि गुंगी आणणे हाच तिच्यावरचा उपाय. दिवसा अनावर झोप येणाऱ्या विकाराला फ्रेंच डॉक्टर झेलिनो यांनी १८८० साली ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले होते, पण त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १९०३ साली बार्बिटल हे झोपेचे औषध आले. त्या वर्गातील औषधांनी झोप येई, मात्र त्यांची सवय लागे आणि मात्रा जास्त झाल्यास जीवही जाई. १९६० नंतरची बेन्झोडायझेपिन औषधे तुलनेने सुरक्षित ठरली, तरी सवयीचा प्रश्न राहिलाच.

खरा बदल औषधांनी नव्हे, तर मोजमापाने घडवला. शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे वेगाने हलण्याचे ठरावीक टप्पे येतात, हे १९५३ साली दाखवले आणि रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास व हालचाली यांची नोंद घेण्याची पद्धत त्यानंतर रुळत गेली.

या नोंदींचा सर्वांत मोठा लाभ घोरणाऱ्यांना झाला. जोराचे घोरणे गाढ झोपेचे लक्षण समजले जाई (घरोघरी आजही समजले जाते). परंतु अशा काहींचा घसा झोपेत वारंवार बंद होतो, श्वास अडतो आणि मेंदू त्यांना नकळत जागे करतो, हे १९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी नोंदवले. त्या काळी यावर गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडणे हाच प्रभावी उपाय होता. १९८१ साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आजचे सीपॅप यंत्र त्याच तत्त्वावर चालते.

निद्रानाशाचा उपचारही याच काळात गोळीपासून दूर सरकला. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे आणि न आल्यास उठावे, ही मानसशास्त्रज्ञ बुटझिन यांची १९७२ची पद्धत आणि अंथरुणातील वेळ मुद्दाम घटवण्याची स्पीलमन यांची पद्धत यांतून पुढे संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, आकाराला आला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली दीर्घकालीन निद्रानाशासाठी त्यालाच पहिली पसंती दिली.

१९९८ साली मेंदूतील ओरेक्सिन या रसायनाचा शोध लागला आणि त्याच्या अभावातून नार्कोलेप्सीचे कोडे बरेचसे उलगडले. जागे ठेवणाऱ्या याच रसायनाचा परिणाम रोखणारे सुवोरेक्सँट हे औषध अमेरिकेत २०१४ साली निद्रानाशासाठी मंजूर झाले.