झोपेची गोळी बदलताना फक्त आकडा बघू नका

मेडिकलमध्ये बरेच जण "आईची ती झोपेची पॉइंट फाइव्ह द्या" असंच मागतात, नाव लक्षात नसतं, आकडा तेवढा पाठ असतो. आणि मला याचीच काळजी वाटते, कारण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम हे सगळे एकाच माळेचे मणी असले तरी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा हिशोब इथे चालतच नाही.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला प्रोफेसर हेदर अ‍ॅश्टन यांनी 1982 ते 1994 अशी बारा वर्षं लोकांना या गोळ्यांमधून बाहेर काढण्याचं क्लिनिक चालवलं. कोणत्या गोळीचा किती डोस दुसरीच्या बरोबरीचा हे सांगणाऱ्या त्यांच्या तक्त्यात डायझेपाम 10 मिलिग्रॅम म्हणजे साधारण अल्प्राझोलाम 0.5, क्लोनाझेपामही 0.5 आणि लोराझेपाम 1. पण दुसऱ्या काही तक्त्यांत अल्प्राझोलाम 1 मिलिग्रॅम धरलेलं असतं, म्हणजे सरळ दुप्पट! म्हणून तक्ता हा डॉक्टरसाठी सुरुवातीचा अंदाज असतो, पुढे पेशंटकडे बघूनच डोस ठरतो.

मग बदलायचंच कशाला? तर मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि या गोळ्या त्या ब्रेकवर जास्तीचा पाय देतात, महिनोन्‌महिने घेतल्या की मेंदूला त्या पायाची सवय होते आणि तो अचानक काढला की धडधड, थरथर, झोप उडणं आणि काहींना चक्क फिट येते. अल्प्राझोलामची रक्तातली पातळी साधारण 11 तासांत निम्मी होते, त्यामुळे दोन डोसांच्या मध्येच जीव कासावीस होतो. डायझेपामला त्यासाठी 20 ते 100 तास लागतात आणि त्यापासून शरीरात जे दुसरं द्रव्य बनतं ते तर 200 तासांपर्यंत रेंगाळू शकतं, म्हणून उतार हळू होतो आणि गोळी सोडवायची असेल तर काहींना आधी डायझेपामवर आणतात.

पण हेच रेंगाळणं म्हाताऱ्या माणसांना बाधतं. पहिले दोन दिवस सगळं छान वाटतं आणि आठवड्याभरात आजी दिवसा पेंगायला लागते, बाथरूमला जाताना तोल जातो, कारण औषध साठत गेलेलं असतं. लिव्हर बिघडलेलं असेल तरीही डायझेपाम त्रासाचं, तिथे लोराझेपाम बरं पडतं कारण त्याचा निचरा सोप्या वाटेने होतो. प्रत्येकाला बदलायची गरज असतेच असंही नाही, काहींची आहे तीच गोळी हळूहळू कमी करता येते.

बदलायचं ठरलं तर अ‍ॅश्टनबाईंची पद्धत टप्प्याटप्प्याची होती, दिवसातून तीनदा गोळी असेल तर आधी फक्त रात्रीचा डोस बदलायचा, काही दिवस थांबून बघायचं आणि मग पुढचा. सगळं बदलून झालं की कमी करायला सुरुवात. 2025 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपात सुचवली आहे आणि 2 आठवड्यांत 25 टक्क्यांच्या वर शक्यतो जायचं नाही. हे सगळं डॉक्टरनेच ठरवायचं, घरी ब्लेडने गोळी कापून प्रयोग करू नका.

डॉक्टरकडे जाताना सगळ्या औषधांच्या स्ट्रिप घेऊन जा, ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी चालू असेल किंवा रात्री दारू घेत असाल तर ते न लाजता सांगा, कारण या जोडीने श्वास मंदावू शकतो. आणि नवीन गोळी सुरू झाली की जुनीच्या उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं हे तिथेच विचारून घ्या, त्या औषधांच्या डब्यात तशाच राहिल्या तर रात्री चष्मा न लावता दोन्ही घेतल्या जातात.