वावरातून मोजा विमानाचा वेग

डिसेंबरातली गोष्ट. यवतमाळजवळच्या आमच्या वावरात कापसाचा दुसरा वेचा चालला होता. वरून विमान गेलं तशी पुतणी ओटीतला कापूस सावरत आभाळाकडं पाहू लागली. "काका, आवाज इकडून येते अन् इमान तिकडं. असं काहून?"

प्रश्न अगदी खरा आहे. विमान दहा किलोमीटर वर असतं. तिथला आवाज धुऱ्यापर्यंत यायला अर्धं मिनिट लागतं आणि तेवढ्यात विमान सात किलोमीटर पुढं निघून जातं.

ग्लोबवर मुंबई ते कोलकाता दोरा ताणून बघा, तो यवतमाळजवळून जातो. हीच सगळ्यात जवळची वाट, सुमारे 1,660 किलोमीटरची. नागपूरमार्गे रेल्वेनं हेच अंतर 1,970 च्या आसपास भरतं. ताशी 830 किलोमीटर वेगानं विमानाला दोन तास पुरायला हवेत, पण तिकिटावर अडीच तासांच्या वरच वेळ असते. दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात: धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, उंची गाठणं, उतरताना वेग कमी करणं.

त्यातही जायचा आणि यायचा वेळ सारखा नसतो, आणि मला सगळ्यात नवल याचंच वाटतं. हिवाळ्यात उत्तर भारतावर, खूप उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याची दक्षिणेकडची कड आपल्या आभाळातही जाणवते. हा वारा ताशी 100 किलोमीटर धरा. कोलकात्याकडं जाणारं विमान जमिनीच्या हिशेबानं 930 नं पळेल, परतीचं 730 नं. त्या 1,660 किलोमीटरला एकीकडं 1 तास 47 मिनिटं, दुसरीकडं 2 तास 16 मिनिटं. दोन्हींची बेरीज चार तासांहून तीन मिनिटं जास्तच भरते, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

हे वावरात उभं राहून ताडून पाहता येतं. कंपासपेटीतला 45 अंशांचा गुण्या घ्या. विमान थेट डोक्यावर आलं की सेकंद मोजायला लागा आणि ते 45 अंशांपर्यंत खाली उतरलेलं दिसलं की थांबा. तेवढ्या वेळात ते स्वतःच्या उंचीइतकंच अंतर कापतं. पूर्वेकडं जाणारी विमानं 33, 35, 37 अशा विषम हजार फुटांवर उडतात, पश्चिमेकडची 34, 36, 38 अशा सम हजारांवर. 35 हजार फुटांतून यवतमाळची जमिनीची उंची वजा केली की सव्वादहा किलोमीटर उरतात. वरच्या हिशेबानं पूर्वेकडचं विमान 40 सेकंदांत तेवढं जाईल, 36 हजार फुटांवरून पश्चिमेकडं जाणाऱ्याला स्वतःच्या उंचीइतकं जायला 52 च्या आसपास लागतील. बारा सेकंदांचा फरक साध्या घड्याळातही कळतो.

पावसाळ्यात वरचा वारा उलटतो, पूर्वेकडून वाहू लागतो. तेव्हा ढगांमुळं विमान दिसणं कठीण. पण पोळ्याच्या सुमारास दोन दिवस उघाड पडलीच, तर पुतणीला गुण्या घेऊन धुऱ्यावर बोलवायचं ठरवलं आहे.