पार्श्वभूमी : पुण्याचे सायकल ट्रॅक तुटक का राहिले

पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. खर्चाचा अंदाज सुमारे ३३५ कोटी रुपये आणि सायकलस्नेही रस्त्यांचं जाळं आठशे किलोमीटरहून मोठं. शहरभरच्या रस्त्यांचा सायकलच्या अंगाने एवढा सविस्तर विचार तोवर देशात फार थोड्या शहरांनी केला होता. आराखडा मंजूर झाला त्या दिवशीही पुण्यात सायकल ट्रॅक होते, आणि कमी नव्हते. फक्त एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर जाता येत नव्हतं. ट्रॅकसाठी पैसा कुठून आणि कोणत्या निमित्ताने आला, हे पाहिलं की या तुटकपणाचं कारण सापडतं. त्यासाठी सुरुवात मात्र ट्रॅकच नव्हते त्या पुण्यापासून करावी लागते.

१९५०मध्ये महापालिका स्थापन झाली तेव्हाचं पुणे आटोपशीर होतं. पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, कॅम्प हे सगळं सायकलवर पाऊण तासाच्या आतलं. खडकीचा दारूगोळा कारखाना, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, पुढे पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, या सगळ्यांचे कामगार सायकलनेच कामावर जात. पाळी सुटली की मुंबई रस्त्यावर सायकलींचा लोंढा उतरायचा. विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून, दूधवाले, पेपरवाले सगळे सायकलवर. ज्यांना घेणं परवडत नसे त्यांच्यासाठी तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. सायकलला पालिकेचा बिल्ला लागे. अंधार पडल्यावर दिवा नसेल तर दंड व्हायचा, म्हणून चाकाला घासून चालणारा डायनॅमो नाहीतर साधा तेलाचा दिवा लावला जाई. डबलसीट जाणं गुन्हा होता, त्यामुळे चौकात हवालदार दिसला की मागचा आधीच उडी मारून चालायला लागायचा. सायकलीला कायदा होता, कर होता, दंड होता, याचा अर्थ शहराच्या लेखी ती पूर्ण वाहन होती. तिच्यासाठी वेगळी वाट कुणी मागितली नाही, कारण रस्त्याचा वेग हाच सायकलचा वेग होता.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणे वाहून गेलं. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या पेठांतलं माणूस कामाच्या जागेपासून लांब गेलं. त्याच दशकात पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत वाढत होती, म्हणजे कामाची जागाही घरापासून लांब चालली होती. अंतर दोन्ही बाजूंनी वाढलं आणि मधली पोकळी भरून काढण्याइतक्या बसगाड्या पीएमटीकडे कधीच नव्हत्या.

ती पोकळी भरली पुण्याच्या परिसरातल्याच कारखान्यांनी. आकुर्डीतून बजाजच्या स्कूटर बाहेर पडत होत्या. १९७२मध्ये चेतक आली आणि त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. लुना मात्र शिक्षकाला, कारकुनाला झेपणारी होती आणि तिला सायकलसारखे पायडलही होते. सायकल सोडून लुनावर बसणं म्हणजे फार मोठी उडी नव्हती. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली. बिनगिअरची, बटण दाबलं की सुरू होणारी ही गाडी घेऊन हजारो पुणेरी बायका एकट्या घराबाहेर पडल्या, कुणाच्या मागे न बसता. या दुचाकीला नावं ठेवून सायकलचा कैवार घेणाऱ्यांशी माझं जमत नाही. बसची वाट बघत ताटकळणाऱ्या माणसाला तिने वेळ दिला, बाईला मोकळीक दिली. प्रश्न तिच्यामुळे शहराने रस्त्याचं काय केलं, हा आहे.

शहराने रस्ता रुंद केला आणि पदपथ कापला. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता अशी एकेरी जोडी केली. उड्डाणपूल बांधले. यामागे एक हिशेब होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. रस्त्याची क्षमता मोजताना वाहतूक अभियंते प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत एक आकडा देतात. मोटार एक, बस जवळपास तीन, सायकल साधारण अर्धी. चालणाऱ्या माणसाला या मोजणीत आकडाच नाही. साठ माणसांची बस तीन मोटारींएवढी धरली जाते, म्हणजे ती अडथळा ठरते. मग ज्याला आकडा नाही त्याची जागा काढून ज्याला आकडा आहे त्याला द्यायची, हे कागदावर अगदी तर्कशुद्ध दिसतं. पुण्यातल्या ‘परिसर’सारख्या स्वयंसेवी संस्था ऐंशीच्या दशकापासून सांगत आल्या की वाहनं मोजू नका, माणसं मोजा. ते ऐकलं जायला बराच काळ गेला. २०१८मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि शहराची लोकसंख्या तिच्यामागे पडली.

धोरणात पहिला बदल दिल्लीतून आला. डिसेंबर २००५मध्ये नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं आणि २००६मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्ता वाहनांसाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहे, हे केंद्राच्या कागदावर प्रथमच इतकं ठळक लिहिलं गेलं. डिसेंबर २००६मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, पुण्यात सुरू झाली. प्रकल्पाच्या आडव्या छेदात, म्हणजे रस्त्याच्या रुंदीची वाटणी दाखवणाऱ्या नकाशात, मधोमध बस, मग मिश्र वाहतूक, मग सायकल ट्रॅक आणि पदपथ असं सगळं होतं. पुण्याचे आजचे बरेचसे ट्रॅक त्या काळातले.

गोम इथेच आहे. ट्रॅक बीआरटीबरोबर आले, म्हणून जिथे बीआरटी तिथेच आले. शाळा कुठे, मंडई कुठे, सायकलवर कामाला जाणारे बांधकाम मजूर आणि सुरक्षारक्षक राहतात कुठे, यावरून त्यांची जागा ठरली नाही. सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी जेमतेम दोन मीटरची पेव्हर ब्लॉकची पट्टी काढली, आणि ती कशी चालायची? थोडं पुढे महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची पेटी. तो टाळला तर झाडाचा पार. मग बसथांबा, ज्याचा मागचा खांब नेमका ट्रॅकमध्ये. दुकानात गाडी चढवायला केलेला उतार, त्यावर लावलेल्या चार दुचाकी. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण ब्लॉकपेक्षा वर किंवा खाली. आणि चौक आला की ट्रॅक संपला. पलीकडे तो पुन्हा सुरू होई, पण मधल्या साठ-सत्तर फुटांत सायकलस्वाराचं काय, हे कुणी आखलेलंच नव्हतं. वळणाऱ्या गाड्यांच्या तोंडी सायकल येते ती नेमकी इथेच, त्यामुळे संरक्षणाची खरी गरजही इथेच असते. साहजिकच सायकलस्वार ट्रॅक सोडून रस्त्यावरून जाऊ लागले. मग ‘ट्रॅक कुणी वापरत नाही’ असं म्हणत तिथे पार्किंग आलं, टपऱ्या आल्या.

याच सुमारास स्पेनमधल्या सेव्हिल शहराने काय केलं ते शेजारी ठेवण्यासारखं आहे. उकाड्याचं शहर, सायकलने जाणारे नगण्य, परंपरा जवळजवळ नाही. तिथल्या पालिकेने २००६–०७ या काळात सुमारे ८० किलोमीटरचे ट्रॅक एका दमात बांधले आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले होते. सगळे एकाच हिरव्या रंगाचे, रस्त्यापासून वेगळे काढलेले. त्यासाठी मोटारींच्या पार्किंगच्या हजारो जागा काढल्या. २०१०पर्यंत जाळं १२० किलोमीटरच्या घरात गेलं आणि सायकलवरच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. पुण्याचे सुटे तुकडे जोडले तर लांबी फार कमी भरणार नाही. पण पुलाच्या दोन कमानी बांधून तिसरी सोडून दिली, तर दोन कमानींइतका तरी उपयोग होतो असं कुणी म्हणत नाही. ट्रॅकच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षं किलोमीटरच मोजत आलो.

पुण्यातली दुसरी, मला जास्त महत्त्वाची वाटणारी वाट २०१६मध्ये सुरू झाली. त्या वर्षी महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं आणि रस्ते आखण्याची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२मध्येच सांगून ठेवलं होतं की पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नवीन तत्त्वांनी रस्ता दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या भिंतीपासून आखायला सुरुवात केली. आधी चालणारा, मग झाड, बाक, फेरीवाला, डीपी, बसथांबा यांचा एक पट्टा, मग सायकल, मग पार्किंग, आणि उरलेल्यात वाहनं. आधीची पद्धत अगदी उलटी होती. आधी वाहनांचा डांबरी पट्टा आखायचा आणि काठावर जे उरेल तो पदपथ.

जंगली महाराज रस्त्यावर हे प्रत्यक्षात उतरलेलं दिसतं. १९७०च्या दशकात बांधलेला हा रस्ता खड्डे न पडणारा म्हणून पुणेकरांच्या अभिमानाचा, पण त्याचे पदपथ इतर रस्त्यांसारखेच अरुंद आणि फुटके होते. नव्या रचनेत झाडं जागेवर ठेवून पदपथ रुंद केले, बाक आणि मुलांना खेळायला जागा दिली, पार्किंग आखून दिलं. वाहनांच्या मार्गाची रुंदी सगळीकडे सारखी केली. आधी रस्ता कुठे तीन गाड्यांचा, कुठे चार गाड्यांचा होत असे आणि अरुंद होण्याच्या जागी कोंडी होई. चौकातल्या कोपऱ्यांची गोलाई कमी केली की वळणारी गाडी आपोआप हळू होते, तिथे फलक लावावा लागत नाही. सुरक्षित रस्त्याचं सगळं शास्त्र या हळू होण्यावर उभं आहे. ताशी ३० किलोमीटरने बसलेल्या धडकेतून माणूस बहुधा वाचतो. ५०ला तो धोका कितीतरी पटींनी वाढतो.

याच रस्त्यावर सायकल ट्रॅक मात्र पदपथाच्या पातळीला, वेगळ्या फरशीने दाखवलेला आहे, आणि गर्दीच्या वेळी त्यावरून लोक चालतात. त्यांना दोष देता येत नाही. संध्याकाळच्या त्या गर्दीला मिळालेली जागाही कमीच पडते. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, लावले, तर त्यांच्यामधून व्हीलचेअर नेणं अवघड झालं. बोलार्डमधलं अंतर अगदी मापात लागतं.

आराखडा मंजूर होत होता त्याच महिन्यात विद्यापीठ आणि औंध भागात स्मार्ट सिटीच्या पुढाकाराने मोबाइलवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. पाठोपाठ ओफो, मोबाइक, युलू या कंपन्यांच्या. काही महिने शहरभर पिवळ्या-केशरी सायकली दिसत होत्या आणि लोक त्या खरोखर वापरत होते, विशेषतः मुलं. नंतर सीट, चाकं, कुलपं गायब व्हायला लागली. ओफोने २०१८मध्येच भारतातून काढता पाय घेतला आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या. यातून पुणेकरांना शिस्त नाही असा निष्कर्ष काढला गेला, तो मला मान्य नाही. खासगी कंपन्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशावर सायकली आणल्या, पैसा आटला तेव्हा नेल्या. सायकली आल्या पण त्या चालवायचे रस्ते तयार नव्हते, आणि ते काम कंपन्यांचं नव्हतंच.

आराखड्याचा पैसा कसा खर्च व्हायचा, याचीही एक अडचण आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद झाली म्हणजे काम होतंच असं नाही. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ करून ती दुसऱ्या कामाकडे वळवता येते, आणि ज्या कामामागे मतदारांचा रेटा नाही त्याचे पैसे सहज वळतात. सायकल जाळ्याचं काम तर पथ, विद्युत, ड्रेनेज, उद्यान या विभागांत वाटलेलं. एकाने ट्रॅक केला आणि दुसऱ्याने चार महिन्यांत खोदला, हे पुण्यात नवीन नाही. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा प्रश्न विचारायची सभाही उरली नाही.

मधल्या काळात इतर शहरं हलली. २०२०मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सायकलविषयक स्पर्धेत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड विजेत्या शहरांत आली. पुण्याने ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद करून पादचारी दिन पाळला.

त्याच वर्षी २३ गावं महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. २०१७चा आराखडा याहून लहान शहरासाठी काढलेला आहे. या गावांतले कित्येक रस्ते अजून आखणीत आहेत, तिथे ना दुकानांचे उतार आहेत ना डीपी. भूसंपादन होण्याआधी आडव्या छेदात सायकलची पट्टी आणि चौकातली तिची वाट धरली तर वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. सातारा रस्त्यावर तेच काम नंतर करताना प्रत्येक मीटरसाठी कुणाशी तरी भांडावं लागतं. या गावांचे विकास आराखडे अंतिम होतात तेव्हा त्यांतल्या रस्त्यांचे छेद मागवून पाहायला हवेत. हरकती-सूचनांना कायद्याने मुदत असते, आणि सायकलवाल्यांच्या हरकती त्यात आजवर फार थोड्या असतात.