आधी वास, मग घोट, बोलणं शेवटी

नवख्या माणसाच्या हातात वाइनचा ग्लास देताना जाणकार मंडळी हमखास एक चूक करतात. ती आधी बोलतात. "हिच्यात चेरी आहे, थोडं चामडं आहे, शेवटी व्हॅनिला येईल बघ," हे कानावर पडलं, की समोरचा माणूस स्वतःचं नाक बाजूला ठेवून चेरी शोधायला लागतो. सापडली तर हायसं वाटतं. नाही सापडली, तर 'आपल्याला यातलं काही कळत नाही' अशी समजूत तो करून घेतो. दोन्ही वेळा वाइन राहते बाजूलाच.

मेंदू वास कसा ओळखतो, याच्याशी या चुकीचा थेट संबंध आहे. फ्रान्समधल्या बोर्दो इथे गिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि द्यनी द्युबूर्दियू यांनी केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन दिली आणि दोन्हींच्या वासाचे शब्द लिहून घेतले. पुढच्या खेपेला दोन्ही ग्लासांत तीच पांढरी वाइन होती. फक्त एकीत बिनवासाचा लाल रंग मिसळलेला होता. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या वाइनला लाल वाइनचे शब्द बहाल केले.

वाइनवाले सगळे भोंदू, याचा पुरावा म्हणून हा प्रयोग मिटक्या मारत सांगितला जातो. मला ते अन्यायाचं वाटतं. दुसऱ्या खेपेला विद्यार्थ्यांना विचारलेलं होतं, की अमुक वास दोन ग्लासांपैकी कशात जास्त येतो? वाइन एकच असल्यामुळे नाकाला फरक सापडणं शक्य नव्हतं. नाकाकडून निवाडा मिळेना, तेव्हा तो डोळ्यांनी दिला. यातून विद्यार्थ्यांचं अज्ञान सिद्ध होत नाही; वासाची जाणीव घडताना मेंदू त्यात रंग मिसळून टाकतो, एवढं कळतं. आणि रंग जे करतो, ते शेजाऱ्याचं बोलणंही करतं. किंमतही करते. २००८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. महाग सांगितलेली त्यांना जास्त आवडली, शिवाय मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखद अनुभवाशी निगडित भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ती मंडळी शिष्टपणा करत नव्हती. त्यांना ती खरोखरच जास्त छान लागत होती.

मुळात आपण जिला 'चव' म्हणतो, तिच्यात जिभेचा वाटा फार थोडा. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (सोया सॉससारखी चव) एवढंच जिभेला कळतं. (टोकाला गोड, मागे कडू असा जिभेचा नकाशा शाळेत पाहिला असेल, तर तो विसरा. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.) बाकीचं सगळं काम नाकाचं. घोट तोंडात असताना त्यातले उडून जाणारे रेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतात. खात्री करायची असेल, तर नाक चिमटीत धरून घोट घ्या: आंबटपणा आणि थोडा कडवटपणा कळेल, फळ वगैरे काही नाही. मग चिमूट सोडा, आणि सगळी वाइन एकदम प्रकट होते. नवख्यांना पहिली गोष्ट हीच करायला लावावी. घोटाबरोबर हवा ओढून तोंडात गुळगुळ करणारे लोक विचित्र दिसतात खरे, पण ते याच मागच्या वाटेने रेणू वर पाठवत असतात.

नवख्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग यात चेरी किंवा व्हॅनिला घालतात का? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्यावर हसू नये. घालत नाहीत. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाचं यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं आणि त्या खटाटोपात एस्टर नावाची संयुगंही तयार करतं. त्यातलं आयसोअमाइल अॅसिटेट पिकलेल्या केळ्यातही असतं, म्हणून काही ताज्या वाइनला केळ्याचा वास येतो. सोव्हिन्याँ ब्लां आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षांतली पायराझिन्स नावाची संयुगं ढोबळ्या मिरचीतही असतात. लोण्याचा वास डायअॅसिटिल या संयुगाचा. द्राक्षातल्या मॅलिक आम्लाचं जिवाणू सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा तो येतो. व्हॅनिलिन मिळतं ओक लाकडाच्या पिंपातून. म्हणजे जाणकाराची ती यादी म्हणजे कविकल्पना नाही. निदान बऱ्याचदा नाही.

मात्र हे सगळे रेणू सगळ्यांना सारखे कळत नाहीत, आणि याबद्दल फारसं बोललं जात नाही. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारची गंधग्राही प्रथिनं कामात असतात आणि त्यांच्या जनुकांमध्ये माणसागणिक फरक असतो. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली या जनुकांचा शोध जाहीर केला आणि २००४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. वाइनमधलं सर्वांत बोलकं उदाहरण शिराझ या लाल वाइनचं. तिच्यातला काळ्या मिरीचा वास रोटंडोन या एकाच रेणूमुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. त्याच अभ्यासात साधारण पाचातल्या एकाला हा रेणू बऱ्यापैकी जास्त प्रमाणात असूनही कळला नाही. तेव्हा "मला मिरी येत नाही" म्हणणाऱ्याला "नीट वास घे" असं दटावणं निरर्थक आहे. त्याला ती कधीच येणार नाही, अशीही शक्यता आहे.

एकत्र मिसळलेल्या वासांतून किती वेगळे काढता येतात, यालाही मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड लेंग यांच्या प्रयोगांत, सराव दिलेल्यांनाही चारापलीकडे वास ओळखणं जमलं नाही. बाटलीमागे छापलेली दहा वासांची यादी वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

मग जाणकाराकडे असतं तरी काय? त्याचं नाक काही जन्मजात तिखट नसतं. त्याने वासांना नावं चिकटवून ती नीट लावून ठेवलेली असतात. ओळखीचा वास येतो पण नाव आठवत नाही, ही अडचण सगळ्यांचीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अॅन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या वासांचं एक चक्र मांडलं. मध्यभागी 'फळ', त्याबाहेर 'लिंबूवर्गीय', त्याहून बाहेर 'ग्रेपफ्रूट', असं ढोबळाकडून नेमक्याकडे जाणारं. नवख्याला एकदम बाहेरच्या कडेवर उभं करू नये. फळासारखं वाटतंय की मसाल्यासारखं, एवढं सांगता आलं तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.

टॅनिनचं मात्र सगळ्यांना पटकन कळतं, कारण तो ना वास, ना चव. तो स्पर्श आहे. द्राक्षाच्या साली आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या-गाल कोरडे, खरखरीत वाटू लागतात. फार वेळ ठेवलेल्या कोऱ्या चहाने तोंड तुरट होतं, तसंच. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तिच्यात ते जास्त. ग्लासच्या आतल्या बाजूने ओघळणाऱ्या थेंबांना मात्र उगाच मान मिळतो. अल्कोहोल आधी उडतं, वरच्या पातळ थराचा पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जातो आणि थेंब होऊन परत उतरतो. जेम्स थॉमसन यांनी १८५५ सालीच हे उलगडलं होतं. दर्जाशी त्याचा संबंध नाही.

तर कुणाला वाइनची ओळख करून द्यायची झाली, तर एका वेळी दोनच ठेवाव्यात, शक्यतो एकमेकींपासून लांबच्या. एकटी वाइन मुकी असते, शेजारी दुसरी आली की फरक बोलू लागतो. बाटल्या झाकून ठेवाव्यात. ग्लास एक तृतीयांशाहून जास्त भरू नये. गोल फिरवायला जागा हवी आणि वास साठायलाही. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला थंड खोल्यांच्या जमान्यातला आहे. १५ ते १८ अंश बरे, त्याहून गरम झाली की अल्कोहोलच नाकात जातं. पांढरी ८ ते १२ अंशांच्या आसपास ठेवावी, कारण फार गार केली तर रेणू उडतच नाहीत. थुंकायला भांडं ठेवावं आणि ते वापरायला लाजू नये. व्यावसायिक चाखणारेही थुंकतातच, कारण पोटात गेलेलं अल्कोहोल पुढच्या ग्लासची परीक्षा बिघडवतं. शिवाय अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच जाहीर केलं आहे. आणि मुख्य म्हणजे, सगळ्यांनी आपापल्या कागदावर लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. सर्वांत जाणकार असेल त्याने सर्वांत शेवटी बोलायचं.

या शेवटच्या नियमाचा एक व्यवहारी फायदाही आहे. बुचाच्या बाटल्यांत कधी कधी ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं संयुग उतरतं; लिटरमागे काही नॅनोग्रॅमही पुरतात. जास्त असेल तर ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो आणि मग ते कुणालाही कळतं. थोडं असेल तेव्हा मात्र वाइनचा वास नुसता मंदावतो. जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांना २०१३ साली आढळलं, की हे संयुग गंधपेशींचे संदेशच दाबून टाकतं. अशा वेळी जाणकार आठवणीतली चेरी शोधत बसतो आणि नवख्याच्या कागदावर "कसलाच वास येत नाही" एवढंच असतं. तसं कुणी लिहिलं, तर त्याच वाइनची दुसरी बाटली उघडून शेजारी ठेवावी.